मुक्या सिलिंडरचा शोध

एका औताला चार बैल जुंपले आहेत. तिघे मान खाली घालून ओढताहेत. चौथा मात्र जू खांद्यावर घेऊन नुसती पावले टाकतो आहे. दुरून पाहणाऱ्याला चारही बैल चालताना दिसतात. औतही चालते, पण अडखळत. कारण तिघांना जमिनीबरोबर या चौथ्यालाही ओढावे लागते. औत धरणाऱ्या शेतकऱ्याला हा चौथा कोणता ते क्षणात कळते, कारण बैल त्याच्या डोळ्यांसमोर असतात. मोटारीच्या एंजिनातले चार सिलिंडर मात्र धातूच्या ठोकळ्यात बंद असतात. त्यांतल्या एकाने काम सोडले, म्हणजे गाडी थरथरते, चढणीवर जीव टाकते आणि सायलेन्सरातून मधूनच फटका काढते. आमच्याकडचे फिटर म्हणतात, 'गाडी मिसिंग करते.' पण बंद पेटीतला हा कामचुकार ओळखायचा कसा?

वाचकहो, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. मी कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. परंतु या इतिहासात मला वारंवार एक ओळखीचा माणूस भेटला. तो म्हणजे मालाने भरलेली गाडी घेऊन रस्त्यात अडलेला, जवळ तज्ज्ञ नसलेला आणि तरीही संध्याकाळच्या आत बाजार गाठायचा असलेला साधा माणूस. त्याच्यासाठी हा शोध कुतूहलाचा कधीच नव्हता, पोटाचा होता.

प्रथम सिलिंडरचे काम पाहू. चूल पेटायला लाकूड, वारा आणि काडी ही तिन्ही लागतात. सिलिंडरचेही तसेच आहे. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण आत यावे लागते. वर येणाऱ्या दट्ट्याने ते घट्ट दाबले जावे लागते. आणि मग नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. ठिणगी पडली, की स्फोट होतो, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि दांडा फिरतो. दांड्याच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे दांडा मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर एकेक सिलिंडर मिनिटाला १,००० वेळा आणि चारी मिळून ४,००० वेळा पेटतात. या चार हजारांतले एक हजार बार फुसके गेले, की गाडी 'मिसिंग' झाली.

या तिघांत सर्वांत छळले ते ठिणगीने. पॅरिसमध्ये एतिएन लन्वारने १८६० मध्ये गॅसवर चालणारे एंजिन केले, तेव्हा त्यात विजेची ठिणगी वापरली होती. पण ती बेभरवशाची. १८७६ मध्ये निकोलाउस ओटोने चार टप्प्यांचे एंजिन सिद्ध केले. आजच्या सर्व पेट्रोल एंजिनांचा तो मूळपुरुष. परंतु त्याने विजेचा नाद न करता सरकत्या झडपेतून जिवंत ज्योतच आत नेली. गोटलीप डाइमलरने धातूची लहानशी नळी बाहेरून दिव्याने लाल तापवून तिच्याकडून पेटवणीचे काम करून घेतले. एका जागी बसलेल्या एंजिनाला हे चालून जाई. रस्त्यावरच्या गाडीत मात्र वारा आला, की दिवा विझे.

कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्याने विजेचीच कास धरली होती. पण तोही पेटवणीला सगळ्या अडचणींची अडचण मानी. त्याची पत्नी बेर्था हिने ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न कळवता दोन मुलांना गाडीत घातले आणि मानहाइमहून आपले माहेर गाठले. हे माहेर फोर्त्सहाइमला, शंभरावर किलोमीटर दूर! वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडून वीज वाया जाऊ लागली, तेव्हा मोज्याच्या पट्ट्याने ती गुंडाळली, असे सांगतात. मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात इंधन आणि ठिणगी ही दोन्ही दुखणी उद्‌भवली, आणि दोन्ही एका गृहिणीने रस्त्यावर बरी केली. मोटारीच्या इतिहासातली पहिली फिटर एक माहेरवाशीण होती, असे म्हणायला माझी मुळीच हरकत नाही.

पुढे श्टुटगार्टच्या रोबर्ट बॉशने फिरत्या यंत्रातूनच वीज काढणारा मॅग्नेटो सुधारला आणि १८९७ मध्ये तो मोटारीच्या तीनचाकीवर बसवला. त्याचा सहकारी गोटलोप होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग दिला. ठिणगी आता पुष्कळशी भरवशाची झाली. परंतु जेथे एक सिलिंडर होता तेथे चार आले होते, आणि 'ठिणगी पडते का' या प्रश्नाच्या जागी 'कोणाची पडत नाही' हा नवा प्रश्न उभा राहिला होता.

या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर मला हेन्‍री फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये सापडले. ही गाडी १ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींवर विकली गेली. तिचे गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकेतला शेतकरी. या शेतकऱ्यांनी गाडीचे मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवला आणि लाकडे कापली, पाणी उपसले. कित्येकांनी तर मागची बाजू कापून तेथे लाकडी खोके ठोकले आणि त्यात भाजीपाला नि डुकरे भरली. हे पाहून १९२५ च्या एप्रिलमध्ये कंपनीनेच मागे हौदा बसवलेली गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. कारखान्यातून तयार निघालेला फोर्डचा हा पहिला पिकअप. पहिल्याच वर्षी सुमारे ३४,००० गाड्या खपल्या. आज आपल्या बाजारसमितीच्या आवारात उभ्या असणाऱ्या पिकअपांचे कूळ तेथवर जाऊन पोहोचते.

या गाडीत चार सिलिंडरांना चार स्वतंत्र कॉइली होत्या. कॉइल म्हणजे कमी दाबाच्या विजेतून ठिणगीपुरती जोरकस वीज करून देणारे तारांचे वेटोळे. प्रत्येक कॉइल लाकडी डबीत बसवलेली, आणि चारी डब्या चालकासमोरच्या फळीवर एका खोक्यात ओळीने मांडलेल्या. प्रत्येक डबीच्या माथ्यावर एक पोलादी पट्टी. ज्या सिलिंडरची पाळी येई, त्याची पट्टी माशीसारखी गुणगुणे. गाडी चालवणाऱ्याला आपल्या एंजिनाचे चारही आवाज असे समोर बसून ऐकता येत.

कंपनीने गाडीबरोबर एक लहानसे पुस्तक दिले होते, आणि ते प्रश्नोत्तरांच्या रूपात होते! आम्हां मास्तरांना ही पद्धत घरची. कोणता सिलिंडर चुकतो हे कसे ओळखावे, असा त्यात एक प्रश्न आहे. उत्तराचा मथितार्थ असा: एंजिन जरा जोरात चालू ठेवा. खोक्याचे झाकण काढा. पहिल्या आणि चौथ्या कॉइलीच्या पट्ट्या बोटांनी दाबून धरा, म्हणजे ते दोन सिलिंडर बंद पडतील. राहिलेले दुसरा नि तिसरा सरळ चालले, तर दोष पहिल्यात किंवा चौथ्यात आहे. आता चौथा सोडा आणि बाकीचे तिन्ही दाबा. चौथा एकटा नीट चालला, तर गुन्हेगार पहिला. इतके झाले, की त्या सिलिंडरचा प्लग पाहा, कॉइल पाहा. कॉइलीचा संशय असेल, तर तिची नि शेजारच्या कॉइलीची जागा बदला. दोष कॉइलीबरोबर नव्या जागी गेला, तर कॉइल वाईट. तो जुन्याच जागी राहिला, तर कॉइल निर्दोष. मग दुसरीकडे शोधा.

मला या चार-सहा वाक्यांचे फार मोल वाटते. यात एकही हत्यार लागत नाही. लागतात ती दोन बोटे, एक कान आणि थोडा धीर. अंदाजाने काही बदलायचे नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे. विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना प्रयोग म्हणजे काय ते फळ्यावर समजावतो. या पुस्तकाने ते लक्षावधी शेतकऱ्यांना चिखलाच्या रस्त्यावर शिकवले.

चार कॉइलींचा संसार मात्र खर्चिक आणि नाजूक होता. ओहायोतला चार्ल्स केटरिंग आधी खेड्यातल्या शाळेत मास्तर होता आणि पुढे विद्युत-अभियंता झाला. (आमच्या जातीचा माणूस, म्हणून हा उल्लेख मुद्दाम.) त्याची बॅटरीवर चालणारी पेटवणीची व्यवस्था १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांवर आली आणि पुढे जवळजवळ साठ वर्षे तिनेच राज्य केले. यात सगळ्या एंजिनाला कॉइल एकच. तिच्यातली वीज 'डिस्ट्रिब्यूटर' नावाची फिरती वाटणी पाळीपाळीने एकेका प्लगला देते. फोर्डनेही १९२८ च्या 'मॉडेल ए'साठी हीच व्यवस्था पत्करली.

व्यवस्था बदलली तसे तर्कशास्त्रही बदलले. गावात एकाच घरात अंधार असेल, तर त्या घरच्या तारेत दोष. सारे गाव अंधारात असेल, तर डीपी उडाला. तसेच येथे झाले. कॉइल गेली, तर चारही सिलिंडर बसणार. एकच चुकत असेल, तर कॉइलीवर संशय घ्यायचे कारण नाही. त्या सिलिंडरची तार, प्लग आणि वाटणीचे टोपण एवढेच तपासायचे. फिटर चालू एंजिनावर एकेका प्लगची तार काढून पाही. काढल्यावर एंजिन आणखी अडखळले, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तोच मुका! शंभर मुलांच्या वर्गात गडबड करणारा शोधण्यापेक्षा गप्प बसलेला शोधणे अवघड. येथे ही युक्ती त्याला बरोबर हुडकून काढी.

ही विद्या आपल्याकडे आली ती मुंबईच्या दारातून. शिवडीला १९२८ मध्ये जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना उभा राहिला, आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपचे चार सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन म्हणजे आपल्या फिटरांची एक शाळाच होती. तिची पेटवणी १-३-४-२ अशा क्रमाने होई, आणि हा क्रम त्यांना पाढ्यासारखा पाठ असे. प्लग काढून त्याचा रंग पाहणे ही तर खरी नाडीपरीक्षा. टोक कॉफीच्या रंगाचे, म्हणजे प्रकृती उत्तम. काजळीने काळे, म्हणजे पेट्रोल जास्त. तेलाने ओले, म्हणजे दट्ट्याच्या रिंगा किंवा झडपांच्या वाटा झिजल्या. पांढरेफटक, म्हणजे आतली उष्णता वाजवीपेक्षा अधिक.

१९७० नंतर वारे फिरले. झिजणाऱ्या पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पेटवणी आली. अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला, आणि 'मिसिंग'चा अर्थच पालटला. पूर्वी न जळलेले पेट्रोल नुसते वाया जाई. आता ते धुराबरोबर या शुद्धीकरणाच्या डब्यात जाऊन तेथे जळू लागले. त्या उष्णतेने डब्यातली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते, आणि तो डबा तर गाडीतल्या अत्यंत महागड्या वस्तूंपैकी एक. सारांश, एका प्लगचे दुखणे अंगावर काढले, तर त्याचा हिशेब फार मोठ्या रकमेत चुकवावा लागतो.

म्हणून १९९६ पासून अमेरिकेतल्या मोटारींना आणि हलक्या मालगाड्यांना स्वतःचे दुखणे स्वतः ओळखणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिची रीत मोठी मौजेची आहे. एंजिनाच्या दांड्यावर दातेरी चक्र असते आणि एक संवेदक त्याचे दाते मोजतो. प्रत्येक स्फोटाबरोबर दांडा किंचित वेग घेतो. ज्याच्या पाळीला तो वेग मिळाला नाही, तो सिलिंडर चुकला. म्हणजे जुना फिटर कानाने जे ऐकत होता तेच. मग 'पी ०३०१' म्हणजे पहिला सिलिंडर, 'पी ०३०३' म्हणजे तिसरा, आणि 'पी ०३००' म्हणजे कोणताही एक नक्की नाही, असे आकडे ती नोंदवून ठेवते. पिवळा दिवा नुसता लागला, तर लवकर दाखवा. तो उघडझाप करू लागला, तर शुद्धीकरणाचा डबा धोक्यात आहे, ताबडतोब जोर कमी करा, असा त्याचा अर्थ. खड्ड्यांचे धक्केही चाकांतून दांड्यापर्यंत पोहोचतात. त्यांना स्फोटाची चूक समजू नये, म्हणून अभियंत्यांना या यंत्रणेला वाईट रस्ताही ओळखायला शिकवावे लागले. आपल्याकडच्या कित्येक रस्त्यांवर तिला हे ज्ञान फारच उपयोगी पडत असेल.

आणि याच सुमारास एक चक्र पुरे झाले. वाटणी गेली, लांब तारा गेल्या, आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर पुन्हा एकेक स्वतंत्र कॉइल येऊन बसली. १९९७ च्या फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये ५.४ लिटरच्या एंजिनावर अशा आठ कॉइली होत्या. 'मॉडेल टी'च्या लाकडी डब्या जणू नवा जन्म घेऊन आल्या. आणि त्यांच्याबरोबर ती जागा बदलण्याची युक्तीही परत आली.

तिचा प्रताप मी गेल्या हिवाळ्यात पाहिला. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराला निघालेला आमच्या गावचा एक लहान पिकअप फाट्यावर अडला. गाडी पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर चालणारी, चार सिलिंडरांची. एंजिन कापत होते नि दिवा उघडझाप करीत होता. फाट्यावरच्या तरुण फिटरने स्कॅनर लावला. उत्तर आले: तिसरा सिलिंडर.

"भाऊ, मग टाका नवी कॉइल," चालक काकुळतीने म्हणाला. "लिलाव चुकला तर माल मातीमोल जाईल."

फिटर म्हणाला, "दादा, मशीन नंबर सांगतं. कारण नाही सांगत."

क्रेट दुसऱ्या गाडीत चढवून त्याने बाजाराला लावून दिले, आणि मग शांतपणे कामाला लागला. गॅस बंद करून एंजिन पेट्रोलवर घेतले. तरी तिसराच चुकत होता, म्हणजे गॅसच्या साधनात दोष नाही. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर घातली, चूक तिसऱ्यावरच. प्लगांची अदलाबदल केली, तरी तिसराच. मग त्याने प्लगच्या भोकात दाब मोजायचे घड्याळ लावले. बाकीचे तिघे बरोबरीचे. तिसऱ्याचा दाब पुष्कळ कमी. त्यात चमचाभर एंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले. दाब वाढला असता, तर दोष रिंगांचा. तो वाढला नाही, म्हणजे झडपेचा. गॅस कोरडा असतो. त्याच्यावर वर्षानुवर्षे चालून झडपेची बैठक झिजली होती आणि झडप पुरती मिटत नव्हती. नवी कॉइल आणि नवा प्लग घातला असता, तर पैसे गेले असते आणि दुखणे तसेच राहिले असते. झडपेचे काम करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

"तुम्हांला हे कोणी शिकवलं?" मी विचारले.

"वडिलांनी, गुरुजी. ते जीपचे मिस्त्री होते. म्हणायचे, आधी जागा बदलून बघ, मग खिशात हात घाल."

त्या वडिलांनी फोर्डचे पुस्तक वाचलेले असणे शक्य नाही. तरी डेट्रॉइटला छापलेले ते शहाणपण हातातून हातात, कानातून कानात फिरत आमच्या फाट्यापर्यंत येऊन पोहोचले होते. मला यातच या इतिहासाचे सार दिसते. 'कोणता सिलिंडर' हे सांगायला पूर्वी अनुभवी कान लागे. आज ते काम यंत्र अधिक अचूकपणे करते, आणि त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु 'का' या प्रश्नाला अजूनही माणूसच लागतो. यंत्राने सांगितलेला आकडा हेच निदान समजून जो भराभर सुटे भाग बदलत सुटतो, त्याच्या हाती शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यापेक्षा अधिक साधन असते. पण ज्ञान कमी असते. आणि या उणिवेची किंमत तो स्वतः देत नाही. ती पडते क्रेट भरून आलेल्या माणसाच्या खिशावर.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून पुरे करतो. दिवाळीत गावाकडे जाताना कधी गाडी कापू लागली आणि दिवा उघडझाप करू लागला, तर तशीच दामटू नका, बाजूला घ्या. नव्या गाडीत चालू एंजिनावर तार वा कॉइल उपसण्याचा जुना प्रयोग स्वतः करू नका. तिच्यातली वीज जबर असते. जवळच्या फिटरला बोलवा. तो नवी कॉइल आणायला निघाला, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारा, "भाऊ, जागा बदलून पाहिली का?"